काठात शिवलेलं ग्रहण

सिमानू महिना, दिवस १५

काल चंद्राला ग्रहण लागलं. आज सकाळपासून राजवाड्यात सगळे हळू आवाजात बोलताहेत. स्वयंपाकघरातले आचारी एरवी मेलेल्यालाही उठवतील असे ओरडतात, तेही आज खुणेनं मीठ मागत होते.

सावली चंद्राच्या ज्या कडेनं शिरली ती कड आमच्या देशाची. आकाशात गुरू असता तर राजा वाचला असता, पण या दिवसांत गुरू दिसत नाही. म्हणजे राजाचं मरण ठरलेलं आहे आणि ते दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर घालायला हवं. निनवेच्या सिंहासनावर बदली राजा बसणार. शंभर दिवस खाईल, पिईल, मुजरे घेईल आणि शंभराव्या दिवशी 'आपल्या दैवाला जाईल'. आमच्याकडे असंच म्हणायची रीत आहे, मारतात असं कुणी म्हणत नाही.

राजवाड्याचे थोरले मांत्रिक गामिल यांनी मला बोलावलं. म्हणाले, "किसीर, बदली राजाजवळ वाचायला तू बसायचं. अख्ख्या लेखकखान्यात तुझ्याइतका स्वच्छ उच्चार कुणाचा नाही."

हे मला ठाऊक होतंच, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला बरं वाटतं. काम नीट झालं तर कल्हूच्या देवळातल्या शाळेत मास्तरकी मिळणार. माझी बायको अहात कल्हूलाच आहे, सहावा महिना चालू आहे तिला. तिच्यासाठी चार मजेच्या गोष्टी लिहाव्यात म्हणून या मेणाच्या पाट्या घेतल्या होत्या. आता मजेचं कमी आणि हेच जास्त लिहिलं जाणार असं दिसतं.

सिमानू, १६

बदली राजा बसला. नाव लाकिपू, धंदा चटया विणण्याचा. कालव्याच्या मुकादमाच्या डोक्यात फावडं घातलं म्हणून कोठडीत होता. न्हाऊमाखू घालून, दाढीला तेल लावून त्याला सिंहासनावर बसवलं तेव्हा तो आधी बैठक हातानं चाचपून बघत होता. खरे महाराज कुंपणाबाहेरच्या कुडाच्या झोपडीत गेले. शंभर दिवस त्यांना महाराज म्हणायचं नाही, 'शेतकरी' म्हणायचं, म्हणजे मरणाला त्यांचा पत्ता लागत नाही. पहिलं पत्र मीच लिहिलं. 'शेतकरी, माझे धनी, यांस.' लिहिताना हसू दाबावं लागलं.

दुपारी शमाश देवासमोर मुख्य विधी. ग्रहणाचे सगळे अपशकुन एका पट्टीवर लिहून, काळ्या लोकरीत गुंडाळून, राजाच्या झग्याच्या काठात शिवले होते. बदली राजानं तो काठ मुठीत धरायचा आणि एकेक अपशकुन मोठ्यानं म्हणून शेवटी म्हणायचं, 'हे सगळं मी माझ्या अंगावर घेतलं.' जो काठ धरतो आणि बोलतो, त्याच्या अंगावर ते जातं.

या माणसाला लागोपाठ तीन शब्द लक्षात राहत नाहीत. सकाळभर घोकून घेतलं, घशाला कोरड पडली. प्रत्यक्ष वेळ आली तेव्हा तो नुसता थरथरत होता. काठ हातातून सुटत होता म्हणून मी त्याच्या मुठीवर मूठ धरली. मग मूठ निसटली तेव्हा काठच धरला. एकेक ओळ मी म्हणायची, त्यानं मागून म्हणायची, असं ठरलं होतं. त्याचे ओठ हलत होते, आवाज काही फुटत नव्हता. ढोल इतके बडवत होते की लांब उभ्या असलेल्या गामिलमालकांना कोण बोलतंय ते कळणं शक्य नव्हतं. मी सगळं म्हणून टाकलं, पहिल्यापासून 'मी माझ्या अंगावर घेतलं' पर्यंत, एकाही ठिकाणी न अडखळता.

विधी उरकल्यावर गामिल म्हणाले, "छान झालं." मी मान डोलावली. उगाच बारीकसारीक सांगून कशाला कुणाचा जीव टांगणीला लावायचा?

सिमानू, २१

लाकिपू खातो मात्र पोटभर. भाजलेलं मटण, द्राक्षं, डाळिंबं, जवाची बिअर. चार दिवसांत गाल वर आले. आज मला म्हणाला, "मालक, नुसतं बसून बसून हात आखडलं बघा. थोडं लव्हाळं आणून देता का? चटई विणीन म्हनतो."

"राजा चटया विणत नसतो," मी म्हटलं.

"हा राजा विणतो की. राजाला न्हाई म्हणाया कोण हाय हितं?"

लव्हाळ्याचा भारा आणवला. सिंहासनाच्या पायरीवर बसून तो विणू लागला. अक्षर ओळखत नाही, पण बोटं बघत राहावीत अशी आहेत.

मी विचारलं, "शेवटी काय होणार माहीत आहे ना तुला?"

"सगळ्यांचंच व्हतं ते," तो म्हणाला आणि विणत राहिला. मंदबुद्धी माणसाला एक बरं असतं, त्याला भीतीही उशिरा कळते.

सिमानू, २९

उजव्या अंगठ्यावर आणि दोन बोटांवर काळा डाग पडला आहे. झग्याच्या काठातल्या लोकरीचा रंग असावा. राखेनं घासलं, वाळूनं घासलं, जात नाही. लाकिपूचे हात मात्र स्वच्छ आहेत. त्यानं तरी काठ कुठे धरला होता म्हणा.

आणखी एक. पाल माझ्या खांद्यावर पडली, उजव्या. त्याच दिवशी संध्याकाळी दुसरी. दरवाजातली कुत्री मला बघून भुंकत नाहीत, उठून आत जातात. आणि राजवाड्याच्या बोळातून जाताना माणसं भिंतीला चिकटतात, बाहीनं तोंड झाकतात. माझा दर्जा वाढला आहे हे खरं, पण इतकी अदब मला सवयीची नाही.

दुऊझू महिना, ८

गामिलनी शकुन बघायला मेंढा कापून काळीज पाहिलं. लगेच दुसरा कापला. मग तिसरा. इतके मेंढे एका दिवशी मी कधी कापलेले पाहिले नाहीत. नंतर हात धूत धूत माझ्याजवळ आले.

"किसीर, त्या दिवशी शब्द त्यानंच उच्चारले ना?"

"हो, मालक."

"काठ त्यानंच धरला होता?"

"मी फक्त आधार दिला."

ते माझ्या हाताकडे पाहत होते. मी हात पाठीमागे घेतला. खोटं बोललो. एकदा 'हो' तोंडातून निघून गेलं की मागे घेता येत नाही. खरं सांगितलं असतं तर फटके आणि कल्हूची मास्तरकी गेली. शिवाय विधीचं काय ते देवाला कळलं असेलच, तो काय नुसत्या आवाजावर जातो?

लिहून पाहिलं तर हे वाक्य मलाच पटत नाही. देव आवाजावरच जातो. त्यासाठीच तर स्वच्छ उच्चाराचा माणूस शोधतात.

दुऊझू, १९

आजपासून माझं जेवण राजाच्या स्वयंपाकघरातून येतं. गामिलचा हुकूम. राजाच्या न्हाव्यानं दाढीही राजासारखी कुरळी केली. शिध्याच्या यादीत माझं नाव नाही म्हणून कारकुनाकडे भांडायला गेलो, तर तो वर न बघता म्हणाला, "तुमचं आता इथून नाही येत." बढतीच म्हणायची ही. पण त्यानं मला किसीर म्हणून हाक मारली नाही. दहा वर्षं एका ताटात खाल्लेला माणूस.

नीट आठवून पाहिलं. चार-पाच दिवसांत मला कुणीच नावानं हाक मारलेली नाही.

आबू महिना, १२

लाकिपूनं आज एक लव्हाळ्याची काडी माझ्या टाचेपासून डोक्यापर्यंत लावली आणि नखानं खूण केली.

"काय चाललंय?"

"तुम्ही उंच हाय मालक. माझ्यापेक्षा हातभर."

"मग?"

"एक चटई विणतोय तुमच्यासाठी. हितं लई केलंत माझ्यासाठी, तोंडाला फेस येस्तवर शिकवलंत."

मला भरून आलं. ज्याच्या मरणाचे दिवस मोजतो आहोत, तो माझ्यासाठी चटई विणतो. म्हटलं, बाळाला खेळायला घालीन. तो म्हणाला, "घाला की." मग बराच वेळ माझ्याकडे पाहिलं नाही.

आबू, २९

आबूचा शेवट. मेलेल्यांचा महिना, घरोघरी पितरांना पाणी. कल्हूला जायला सुट्टी मिळाली नाही, म्हणून राजवाड्यामागच्या गल्लीत जिथं नोकरमाणसं पाणी घालतात तिथंच गेलो. एक म्हातारी मडक्यातून पाणी ओतत, आपल्या लोकांची नावं घेत ओळीनं पुढे येत होती. माझ्यापाशी आली तेव्हा मी बाजूला सरलो. ती थांबली नाही. माझ्या दोन्ही पायांवर पाणी ओतलं आणि पुढे गेली. पुढच्या माणसाला मात्र तिनं वळसा घातला.

"आजी, मी जिवंत आहे," मी म्हटलं.

तिला ऐकू आलं नसावं. पाय दिवसभर गार राहिले. आबूच्या उन्हात.

उलूलू महिना, ५

आज सांगून टाकलं.

रात्रीची झोप गेली आहे. लाकिपूनं शब्द उच्चारले नाहीत, म्हणजे ग्रहण त्याच्या अंगावर नाही. वीस दिवसांनी त्याला मारतील, तो बिचारा फुकट मरेल, आणि झोपडीतून बाहेर आल्यावर खरा राजाही मरेल. राजा मेला की दोन्ही राजपुत्र तलवारी काढणार, मग कल्हूही पेटणार. तिथं अहात आहे. आणि हे सगळं माझ्या एका 'हो' मुळे. असं खोटं अंगावर घेऊन मी बाळाला उचलणार कसा?

गामिलमालकांच्या पाया पडलो. "मालक, त्या दिवशी लाकिपू बोललाच नाही. शब्द मी म्हटले. काठही माझ्याच हातात होता."

त्यांनी मला उठवून बसवलं. आवाज इतका मऊ होता की मला वडील आठवले. "माहीत आहे मला. दुऊझूतल्या तिन्ही मेंढ्यांनी हेच सांगितलं. तू कधी सांगतोस त्याची वाट बघत होतो. तुझ्या तोंडून येणं गरजेचं होतं."

"मला शिक्षा?"

"छे रे. शिक्षा कसली?"

"मग आता काय करायचं?"

"ज्याचं जे आहे ते त्याच्याकडे राहील असं बघायचं. तू जेव. वाळलायस फार."

छातीवरचा धोंडा उतरला. विधी पुन्हा करतील. या खेपेला मी लाकिपूकडून रोज घोकून घेईन, उपाशी ठेवीन पण पाठ करून घेईन. शुद्धीसाठी म्हणून मला आतल्या खोलीत झोपायला सांगितलं आहे. दाराशी दोन पहारेकरी आहेत. अपशकुन अंगावर असलेल्या माणसाला मोकळं कसं सोडणार? योग्यच आहे ते.

उलूलू, ९

पुन्हा विधी कधी, विचारलं. गामिल म्हणाले, "झाला की विधी." मी म्हटलं, तो नव्हे, दुसरा. ते हसले आणि माझ्या खांद्यावरची पाल झटकली. केव्हा पडली होती कोण जाणे.

उलूलू, १८

कल्हूचा गाढववाला निरोप घेऊन आला. मुलगी झाली. अहात ठणठणीत आहे. मुलगी रडते तेव्हा शेजारची गल्ली जागी होते म्हणे. बापाचा आवाज घेतला आहे.

मी पहारेकऱ्यांना मिठी मारायला गेलो तर ते मागे सरले. असू दे. आज मला कशाचंच काही वाटत नाही. मुलगी झाली. गामिलकडे दोन दिवसांची सुट्टी मागितली. म्हणाले, "पंचविसापर्यंत थांब." पंचविसाला शंभर दिवस भरतात. त्यानंतर काय सुट्टीच सुट्टी, असं मी म्हटलं आणि ते खिडकीबाहेर बघू लागले.

उलूलू, २०

आज मला झगा घातला. तोच झगा, काठात लोकर शिवलेला. म्हणाले, उंचीला तुलाच बरोबर बसतो. लाकिपूला खाली उतरवून त्याची जुनी बंडी परत दिली. मला वर बसवलं.

हात मांडीवर कसे ठेवायचे हेही कुणी सांगितलं नाही. मला ठाऊक होतं, मीच लाकिपूला शिकवलं होतं.

माझ्या जागी एक नवा लेखक बसला होता, बारीक मानेचा. त्यानं माझ्यासमोर पत्र सुरू केलं आणि लिहिता लिहिता ओठांतल्या ओठांत म्हणत होता, 'शेतकरी, माझे धनी, यांस.' त्याला हसू आलं, त्यानं ते दाबलं.

तेव्हा कळलं. खरं सांगायचं तर आधीच कळलं होतं. पाण्यानं पाय भिजले तेव्हाच.

उलूलू, २१

ओरडलो. गामिलला तोंडाला येईल ते बोललो. म्हटलं, "मी चूक केली, पाप नाही केलं. देवालाही कळत असेल की मी फक्त मदत करत होतो."

ते उभे राहून ऐकत होते. ओरडून ओरडून मी थकल्यावर म्हणाले, "किसीर," आणि ती हाक ऐकून मला रडू आलं. "ग्रहणाला हेतू कळत नाही रे. त्याला आवाज कळतो आणि हात कळतो. तुझ्या जागी मी असतो तरी हेच झालं असतं."

"मग तुम्हीच का नाही म्हटले शब्द?"

"माझा उच्चार घोगरा आहे," ते म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते.

अहातला आणि मुलीला मरेपर्यंत देवळातून धान्य मिळेल, घर त्यांचंच राहील, असं त्यांनी शमाशच्या पायांवर हात ठेवून सांगितलं. पळालो तर यातलं काही नाही. पळणार तरी कुठे? माझ्या वाटेतून कुत्रीसुद्धा उठून जातात.

उलूलू, २४

मला भीती वाटते. दुसरं काही सुचत नाही म्हणून तेच लिहितो. मटण समोर आहे, हात जात नाही. उद्या एक पेला देतील, दुखणार नाही म्हणतात. ज्यांनी प्यायला त्यांच्यापैकी कुणी येऊन सांगितलेलं नाही. मला मुलीला एकदा बघायचं होतं.

मघाशी लाकिपू आला. त्याला सोडलं, गाढवही दिलं. ज्याच्या अंगावर काही नाही त्याला ठेवून काय करायचं? त्याचं गाव कल्हूच्या पलीकडे आहे. बगलेत चटईची गुंडाळी होती. ती त्यानं माझ्यासमोर उलगडली. बारीक, घट्ट वीण, कडेला दुहेरी गाठ. बाळाच्या खेळायला फार मोठी. आमच्याकडे गरिबाला पुरताना ज्यात गुंडाळतात ती चटई, टाचेपासून डोक्यापर्यंत बरोबर माझ्या मापाची.

"राजवाड्यातली लोकं कशात गुंडाळत्याल काय भरवसा," तो म्हणाला. "ही सुटायची न्हाई."

"आबूतच ठाऊक होतं तुला?"

तो चटईची कड सारखी करत राहिला.

मी म्हटलं, "लाकिपू, माझं एक काम कर. वाटेत कल्हूला थांब. या पाट्या माझ्या बायकोला दे. तिला वाचता येत नाही, पण देवळातला कुणी वाचून दाखवील. आणि तोंडी निरोप सांग. राहील लक्षात?"

"सांगा तर खरं."

मी सांगितलं. मुलीचं नाव माझ्या आईचं ठेव, ताशमेत. पाळणा दाराच्या डावीकडे टांग, उजवीकडून वारा येतो. माडीच्या शिडीची तिसरी पायरी सैल आहे, मुलीला घेऊन चढताना जप. ती मोठ्यानं रडली तर रडू दे. बोलायला लागली की मात्र दुसऱ्याचे शब्द तिच्या तोंडी देऊ नकोस. पाट्यांचं मेण उन्हात ठेवू नकोस.

"एवढं लांबलचक," मी म्हटलं. "थांब, तुकड्या तुकड्यानं घोकून घेऊ."

"नगं मालक," लाकिपू म्हणाला. तो सरळ उभा राहिला, दोन्ही हात बाजूला सोडले आणि बोलू लागला. आईचं नाव, पाळणा, डावी बाजू, वारा, तिसरी पायरी, मुलीचं रडणं, दुसऱ्याचे शब्द, मेण. शंभर दिवसांत मी त्याचा असा आवाज ऐकला नव्हता. खणखणीत, प्रत्येक अक्षर सुटं.

आता तो दारात पाठमोरा उभा आहे, मी हे लिहून पाट्या मिटण्याची वाट बघत.

एकही शब्द चुकला नाही.